लाल गाडीचं तेल

नाही मॅडम, पाच नंबर मी देणार नाही. चिठ्ठीवर लिहिलं असेल, लिहू द्या, चिठ्ठी लिहायला काय लागतं — पेन लागतं. तुमची ती लाल टू-सीटर ना, छत उघडणारी? तिच्या गिअरबॉक्सात चार नंबरच पडतं. जीएल फोर, पंचाहत्तर-नव्वद, सिंथेटिक, दोन लिटर आणि वर पावशेर. — हो, ओळखलं मी तुम्हाला. तोंडावरून नाही, आवाजावरून. 'दोन लिटर मिळेल का हो' म्हणालात तिथेच ओळखलं. बसा ना. स्टूल पुसलेलं आहे, साडीला काही लागणार नाही — आणि लागलं तर लागलं, ऑइलचं दुकान आहे, अत्तराचं नाही. तुम्ही प्रतिभा मॅडम, चार इमलीच्या सरकारी बंगल्यातल्या. दोन वर्षं तुमचं नाव ऐकून राहिलेय मी घरात, सकाळच्या चहाला आणि संध्याकाळच्या जेवणाला. मी निर्मला. नरहरची बायको. पाहा, तुमच्यामुळे नाव घ्यावं लागलं, नाहीतर छत्तीस वर्षांत उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, आणि तुम्ही फोनवर कसं झटकन म्हणून टाकता — नरहरजी आहेत का?

आज रविवार, नाही का? मग ह्यांना बंगल्यावर बसवून तुम्ही स्वतः तेल आणायला निघालात? सकाळी नऊला पान्यांची पेटी घेऊन गेले घरून — 'मॅडमच्या गाडीचं जरा बघून येतो' — हे आमचं दर रविवारचंच आहे. — थांबा हो, मला बोलू द्या, तुमचं मग ऐकते. ही चिठ्ठी ह्यांच्या हातची नाही. ह्यांचा एक आणि सात सारखाच दिसतो, हे अक्षर फार नीट आहे, ड्रायव्हरने लिहिली असेल. आणि ड्रायव्हरला वाटलं असेल, पाच म्हणजे चारापेक्षा एक जास्त, म्हणून जास्त चांगलं. भोपाळच्या ह्या सगळ्या टी. टी. नगरात हाच हिशेब आहे, रोज दहाजण येतात, 'अम्मा, पाँच वाला दो, पैसे की चिंता मत करो' — आता त्यांना काय सांगायचं, की तेलाचा नंबर म्हणजे परीक्षेतले मार्क नाहीत. पाच नंबरात गंधकाचं औषध जास्त असतं. लोखंडाला ते छान, ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये घाला, जन्मभर दुवा देईल. पण तुमच्या गिअरबॉक्सात आत पितळेच्या कड्या आहेत, सिंक्रो रिंगा म्हणतात त्यांना, गिअर बदलताना त्या फिरणाऱ्या चाकाला हळूच धरतात, थांबवतात, मग दुसरं चाक बसतं. पाच नंबर इतकं घसरतं की त्या कडीला धरताच येत नाही. मग खर्र होतं. आणि वरून ते गंधक पितळेला खात बसतं. महिना, दोन महिने, बस, कड्या गुळगुळीत. हे तुम्हाला कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं सापडेल. तुमचं ते पुस्तक आठ दिवस आमच्या घरी होतं, माहीत आहे ना? इंग्रजीतलं सगळं मला नाही कळलं, पण तेलाचं पान मी तीनदा वाचलं. म्हणजे मला पक्कं ठाऊक होतं. आधीपासून ठाऊक होतं.

— हाँ भैया, ब्रेक ऑइल? छोटा वाला सामने रखा है, ले लो, पैसे वहीं डिब्बे में डाल दो. — हं, काय सांगत होते. हे कारखान्यात होते, एकोणतीस वर्षं गिअर कापण्याच्या मशीनवर, आणि दुकान मी बघितलं. लोकांना वाटतं नवऱ्याचं दुकान, बायको बसते. उलटं आहे. ह्यांना तेलातलं काही कळत नाही, ह्यांना दात्यांमधलं कळतं. कान लावून सांगतात, तिसऱ्या गिअरचा एक दाता दुखतोय — दुखतोय म्हणतात, बरं का, जसं काही नातवाची दाढ आहे. आणि तेल लागलं की माझ्याकडे येतात. मी देते ते घालतात. डबा फिरवून बघत नाहीत, काय आहे विचारत नाहीत. रिटायर झाले तेव्हा मी म्हटलं, चला, आता दोघं मिळून दुकानात बसू, मी तेल देईन, तुम्ही गप्पा मारा. आठ महिने बसले. ह्या इथे, तुम्ही बसल्यात त्याच जागेवर. चांगले दिवस होते. मग तुमची बदली झाली भोपाळला, आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलं की गिअरचा आवाज ऐकणारा एक मराठी माणूस आहे टी. टी. नगरात. कोणी सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही, कळलं असतं तर त्याचं उधार बंद केलं असतं.

कानामागून आली आणि तिखट झाली — तुम्हाला नाही म्हणत, गाडीला म्हणतेय. — बरं, तुम्हालाही म्हणतेय, खोटं कशाला बोलू. पहिल्या रविवारी हे घरी आले ते असे आले, की मी विचारलं, ताप आलाय का? डोळे चमकत होते. 'निर्मला, काय गिअरबॉक्स आहे, बोट लावलं की पडतो.' माझ्या हातच्या पुरणपोळीला असं कधी बोलले नाहीत. मग बोलणं बदललं. आम्ही उज्जैनचे लोक, आम्ही म्हणतो गाडी चालून राहिली, पाऊस पडून राहिला, पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिला, कुणाचं काही बिघडलं नाही. तुमच्याकडे जायला लागल्यावर हे तुमच्या पुणेरीत म्हणायला लागले, 'पाऊस पडतोय.' मला सुधारायला लागले. साठी ओलांडलेला माणूस, आणि आरशासमोर उभा राहून कॉलर नीट करतो, गाडीखाली झोपायला जायचंय आणि इस्त्रीचा शर्ट. का? गाडीला दिसतो का शर्ट?

आणि तुम्ही चालवता. हे मला सगळ्यात जास्त लागतं, सांगून टाकते. तुम्ही माझ्याच वयाच्या, दोन-तीन वर्षं इकडेतिकडे, ऑफिसात ड्रायव्हर असताना रविवारी स्वतः चालवता, छत उघडून. मी बावीस वर्षं अख्ख्या शहराच्या गाड्यांना तेल पाजलं. कुठल्या इंजिनात किती, कुठल्या गिअरला कुठलं, झोपेत विचारा. आणि मी कशावर बसते? स्कूटरवर, मागे, एका बाजूला, पिशवी मांडीवर. शिकवा म्हटलं होतं एकदा. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. म्हणाले, 'तुला कुठे जायचंय?' खरंच होतं, कुठे जायचं होतं मला. मग गेल्या गणपतीत मंडळात आरती झाली, प्रसाद वाटता वाटता विजया मला म्हणते, 'अगं, तुझे मिस्टर दिसले मोठ्या तलावाच्या रस्त्याला, लाल गाडीत, छत उघडं, हातात स्टेअरिंग, शेजारी ती चार इमलीची.' चार बायका ऐकत होत्या. मी म्हटलं, हो, गाडी तपासायला चालवून बघावी लागते. हसले पण. खिरापत हातातून खाली सांडली ती पायाने बाजूला सारली, कुणी बघितलं नाही. तपासायला चालवावी लागते हे खरंच आहे, मला माहीत आहे, मी काय वेडी नाही. पण माणूस गाडी तपासताना हसतो का? विजया म्हणाली, हसत होते. छत्तीस वर्षं मी स्कूटरच्या मागे बसलेय, मला ह्यांची पाठच दिसली, हसत होते की नाही कोणाला ठाऊक.

तुम्ही असं बघू नका. माझं काही म्हणणं नाही की तसलं काही होतं. तसलं असतं तर बरं, भांडता तरी आलं असतं. हे म्हणजे कसं, कुणी काही चोरलं नाही आणि घरातली वस्तू नाहीशी झाली. आणि आता तर — थंडी सुरू झाल्यापासून तर कमालच आहे. पूर्वी तुमच्याकडून यायचे तर कोपरापर्यंत काळे, आणि तो वास. गिअर ऑइलचा वास माहीत आहे ना, गंधकाचा, तीन धुण्यांत निघत नाही. माझ्या पदराला बारा महिने असतो, हळदीकुंकवाला बायका जरा सरकून बसतात. पण आम्हा दोघांना एकच वास होता, त्याचं मला काही वाटायचं नाही. आता हे येतात ते हात स्वच्छ. नखं स्वच्छ. शर्टाला वास नाही, मी धुवायला टाकताना नाकाशी धरून बघते, काही नाही. म्हणजे काम कुठलं, नुसता चहा चाललाय व्हरांड्यात, नाहीतर तुमच्याकडे साबण फार भारी असला पाहिजे. आणि येताना जिलबी आणतात. पाव किलो, माझ्यासाठी. कधी आणत नव्हते. मी खाते, पण समजतं मला, नवरा कारण नसताना जिलबी का आणतो ते. — थांबा म्हटलं ना मी, चार महिने मनात आहे माझ्या, तुम्ही दोन मिनिटं गप्प बसू शकत नाही का? माफ करा. साहेब माणसांशी असं बोलू नये.

पण एक सांगते, तुम्ही आलातच आहात तर ऐकूनच जा. हे सगळं मीच ओढवून घेतलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. गणपती गेले, पितृपक्ष लागला, आणि हे आले दुकानात, 'मॅडमच्या गाडीचं तेल बदलायचं, दोन-सव्वादोन लिटर काढून दे.' मी ड्रमातून काढते सुटं, मापाने, साध्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, त्यावर नाव नाही, नंबर नाही. इथे चाराचा ड्रम, इथे पाचाचा. दोन्हींचे नळ सारखे, तेलाचा रंग सारखा. माझा हात चाराकडेच गेला होता, देवाशपथ, बावीस वर्षांची सवय. आणि मग तो हात पाचाकडे गेला. मी भरलं, झाकण लावलं, फडक्याने पुसून दिलं. ह्यांनी घेतलं आणि निघाले, वर मीच आठवण केली — आधी वरचा बोल्ट उघडा, मग खालचा, नाहीतर जुनं निघून जाईल आणि वरचा अडकला तर गाडी रिकामी बसेल. म्हणजे बघा, विष द्यायचं आणि वर सांगायचं, हळू प्या, गरम आहे.

मला काय वाटलं, की गिअर कुरकुरायला लागेल, तुम्ही वैतागाल, म्हणाल, ह्या माणसाला काही येत नाही, आणि दुसऱ्याकडे जाल. ह्यांचा अपमान होईल — हो, झाला असता, मला चालला असता, घरी आले असते ना. झालं काय? गाडी कुरकुरली आणि हे वेडे झाले. आधी महिन्यातून एकदा जायचे ते दर रविवारी. 'निर्मला, दुसरा पडताना खर्र करतोय, सापडत नाही गं कारण.' जेवताना चमचा ताटात तसाच, कान कुठे तरी. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हे. कितीदा ओठांवर आलं, की अहो, काढून टाका ते तेल. नाही बोलले. बोलले असते तर ते माझ्याकडे ज्या नजरेने — नाही बोलले. आता तुम्हाला बोलून बसले, ते का बोलले कोणास ठाऊक. तुम्ही पाच मागितलंत म्हणून असेल. मागितलेलं मुकाट्याने दिलं असतं तर माझ्याकडे बोट दाखवायला जागाच नव्हती, चिठ्ठी तुमची, अक्षर तुमच्या माणसाचं. पण एकदा केलं ते बस झालं. दुसऱ्यांदा नाही होत माझ्याच्याने. जा, सांगा ह्यांना घरी जाऊन. बसलेत ना तिथे.

— काय?

— नाही, दिवाळीपर्यंत म्हणायचंय का तुम्हाला? दिवाळीपर्यंत येत होते, आणि — दिवाळीपासून नाही? एकदाही? अहो, असं कसं होईल, आज सकाळीच तर — बरं. बरं, नीट सांगा. मी नाही मध्ये बोलत.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. हं. खाली तसराळं ठेवून तेल काढलं. त्यात सोनेरी चुरा होता — असणारच, पितळ झडलं की तसाच दिसतो. बोटावर घेतलं. वास घेतला. पाचाचा वास उग्र असतो, ते कळतं, बावीस वर्षं माझ्या पदराच्या वासात राहिलेल्या माणसाला तर — मग? काय म्हणाले? नाही, त्यांचेच शब्द सांगा, तुमच्या पुण्याच्या मराठीत नको. — 'माझ्या हातून चुकीचं तेल पडलं.' माझ्या हातून, म्हणाले? स्वतःच्या? आणि आता कुठल्या तोंडाने हात लावू, दुसरा माणूस बघा, असं म्हणाले. — आणि नवं तेल? ते तर माझ्याकडून नाही गेलं. मी दिलं असतं तर मला आठवलं असतं. — हमीदिया रोडवरून. स्वतः जाऊन घेऊन आले, हमीदिया रोडवरच्या दुकानातून. माझा नवरा.

तेव्हा मी चकल्या तळत होते. त्याच संध्याकाळी. आठवतंय मला, भाजणी जरा सैल झाली होती, तुटत होत्या. हे आले, हात धुतले बराच वेळ, एक चकली घेतली, म्हणाले, छान झालीय. बस. पेटी पलंगाखाली ठेवली. मी विचारलं, सापडलं का कारण? म्हणाले, सापडलं. काय होतं? म्हणाले, जाऊ दे, गाडी जुनी आहे.

म्हणजे रिंगा गेल्याच शेवटी. शाहपुऱ्यात बदलल्या, परवा. त्या मेकॅनिकने चिठ्ठी दिली. आणि तुम्ही सबंध भोपाळ सोडून इथेच कशा आलात? — ह्यांनी सांगितलं? जातानाच म्हणाले? 'तेलाचं कधी अडलं तर निर्मलाला विचारा, तिच्याइतकं कुणाला कळत नाही.' सगळं कळल्यावर. तेल दुसरीकडून आणल्यावर.

दिवाळी ते आज. सोळा रविवार झाले. नऊला निघतात, दीडला येतात. पेटी घेऊन. कुठे —

हं? नाही, नाही, मला माहीत आहे. आठवलं आता. सांगितलं होतं त्यांनी मला, मंडळाच्या हॉलचा पंप बिघडलाय, त्याचं काम चालू आहे, तिकडे जातात हल्ली, मीच घोळ करून राहिले. वय झालं. तुम्ही असा चेहरा करू नका, घरच्या गोष्टी आहेत, होतं असं. हा घ्या डबा. कंपनीचा आहे, सुटं नाही, सील बघून घ्या, नंबर वाचून घ्या — नाही, वाचाच, माझ्यासमोर वाचा. चार आहे ना? झालं तर. त्या शाहपुऱ्याच्या माणसाला सांगा, निर्मलाने दिलंय आणि पाच घातलंस तर याद राख. पैसे राहू द्या. राहू द्या म्हटलं ना. आणि मी जे बोलले ते ह्यांना सांगू नका — नाही, तुम्ही कुठे सांगणार, तुम्हाला भेटतच नाहीत ते.

उठा आता, मला शटर ओढायचंय. हो, साडेअकराच वाजलेत, माहीत आहे मला. या तुम्ही.